बाबांचा खोकला थांबला तेव्हा

माझ्या कपड्यांना सिगारेटचा वास यायला लागला, तो सगळ्यात आधी अमरावतीच्या घरमालकीणबाईंच्या लक्षात आला. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात थांबवलं, ओढणीचं टोक धरून हुंगलं आणि म्हणाल्या, "काय वं बाई, घरी मायबाप हायेत ना तुले? शिकाले आली ना तू अथी?" मी म्हटलं, "मावशी, मी फार्मसीत पीएच.डी. करते. सिगारेट मी ओढत नाही, आमचे उंदीर ओढतात." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं कॉलेजचं ओळखपत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं.

पण मी खोटं बोलले नव्हते. अडुळशाच्या पानांचा अर्क सिगारेटच्या धुरापासून फुप्फुसाला वाचवू शकतो का, हा माझा विषय होता. धूर आत गेला की शरीर त्याला शत्रू समजतं आणि आपल्या लढणाऱ्या पेशी फुप्फुसात पाठवतं. त्यामुळे तिथं सूज येते. धूर थांबला तर सूज हळूहळू ओसरू शकते. धूर रोजच जात राहिला तर त्या पेशी तिथंच मुक्काम ठोकतात आणि जी जागा राखायला आल्या तीच पोखरायला लागतात. अर्क आधीपासून दिला तर ही सूज कमी येते का, एवढंच मला बघायचं होतं.

शोकेस बनवणाऱ्या एका कारागिराकडून आम्ही पारदर्शक पेटी करून घेतली होती. तिला एका बाजूनं पंप जोडलेला. मी सिगारेट पेटवायची, नळीच्या तोंडाशी लावायची, आणि पेटी पांढुरकी होत जायची. पहिल्या दिवशी उंदीर एकमेकांच्या अंगावर चढून कोपऱ्यात घुसले. नखांनी पेटी खरवडत राहिले. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत हे चाललं. मग ते थांबलं. आठवड्यानंतर पेटीत सोडलं की ते आपापल्या जागी जाऊन बसत, डोळे अर्धवट मिटून, अंग फुगवून. धूर यायची वाट बघत असल्यासारखे. ते खरवडत होते तेव्हा मला वाईट वाटायचं. ते शांत बसायला लागले तेव्हा भीती वाटायला लागली, कारण तसं बसलेलं मी कुणाला तरी रोज बघत लहानाची मोठी झाले होते.

बाबा भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची शेतं मोजली. अकोला जिल्ह्यातल्या काळ्या मातीत उन्हातान्हात साखळी ओढली, पुढं पुढं मशीन आली. मोजणीला गेलं की धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन्ही बाजूंची माणसं सिगारेटचं पाकीट पुढं करायची. बाबा कुणाचीच घ्यायचे नाहीत. "ज्याची ओढली, त्याच्याकडं हात सरकते," असं म्हणायचे. म्हणून ते स्वतःचं पाकीट खिशात ठेवायला लागले. त्यांची ही सवय अशी प्रामाणिकपणातून लागली होती, आणि त्यामुळे तिला घरात कुणी नाव ठेवायचं नाही. अकोल्याच्या घरात दुपारचं जेवण झालं की ते ओसरीत खुर्चीवर बसत, पाय वर घेऊन, डोळे अर्धवट मिटून.

पानं कुठून आणायची हा पहिला प्रश्न होता. रस्त्याकडेची धुळीनं माखलेली चालत नाहीत, फवारणीच्या शेताजवळची तर नाहीतच. मी हे फोनवर बोलले तर बाबा एकदम उत्साहात आले.

"हिवरखेडले माहा दोस्त हाये ना! त्याच्या धुऱ्यावर अडुळसाच अडुळसा. थो तथी कवाच फवारत नाई. तू ये, आपुन दोघं जाऊ."

या दोस्ताची गोष्ट मला ठाऊक होती. त्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं धुऱ्यावरून वैर होतं, पिढीजात. बाबांनी मोजणी केली आणि निकाल दोस्ताच्या विरुद्ध गेला. दोन तास त्या माणसानं नकाशा डोळ्यांखालून घातला आणि मग बाबांसमोर हात जोडले. "सायेब, वंगाळ झालं, पन खरं झालं," म्हणाला. तेव्हापासून दर हंगामाला त्याच्याकडून तुरीच्या शेंगा यायच्या. आम्ही बौद्ध, तो गावातला जुना शेतकरी. सुरुवातीला त्याच्या घरचे बाबांना चहा बाहेरच द्यायचे. मग कधीतरी तो आत मिळायला लागला. बाबा हे सांगताना कधी हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत.

हिवाळ्यात आम्ही अकोल्याहून एसटीनं हिवरखेडला गेलो. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. काकांनी (मी त्यांना काकाच म्हणायचे) आम्हाला धुऱ्यावर नेलं. मी पिशव्या घेऊन पुढं, बाबा मागं. थोडं चालल्यावर वळून बघितलं तर बाबा हद्दीच्या दगडापाशी वाकले होते. हातानं माती झाडली. "हा मीच गाडला होता," म्हणाले. मला बरं वाटलं. पुढं ते पुन्हा थांबले, दुसऱ्या दगडाशी. तोही त्यांनीच गाडलेला. मग तिसऱ्यांदा थांबले. तिथं दगड नव्हता. तरी ते गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडं बघत राहिले.

"सायेब, दम लागला काय?" काकांनी विचारलं.

"दम कायचा? हद्द पाहून राहिलो."

काकांनी माझ्याकडं बघितलं. आम्ही पानं तोडायला लागलो. काकांच्या तोंडात विझलेली बिडी होती. तिच्यासकट त्यांनी विचारलं, "बाई, या पाल्यानं धूर बाधत नाई म्हनते काय?"

"तेच बघायचंय, काका. अजून माहीत नाही."

"पाहजो बरं. मंग आमालेही सांगजो."

बाबा हसले आणि त्यांनी तिथंच सिगारेट पेटवली. मी म्हटलं, "बाबा, आता तरी नका." पण हे मी लहानपणापासून इतक्यांदा म्हटलं होतं की त्यात काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, "तुह्या उंदरायले पाजतं अन् बापाले नाई म्हनतं काय?" काकाही हसले. मला हसू आलं, हे कबूल करायला हवं.

पानं सावलीत वाळवली, भरड दळली, अल्कोहोलमध्ये भिजत घातली, गाळली, आटवली. शेवटी तळाशी काळपट हिरवा चिकट गोळा उरला, काकवीसारखा. तो पाण्यात कालवून उंदरांच्या एका गटाला रोज धुराच्या आधी पाजायचा. दुसऱ्या गटाला नुसता धूर. तिसऱ्याला काहीच नाही. असे आठवडे गेले. पानठेल्यावरचा माणूस मला बघितलं की न विचारता पाकीट काढायचा आणि शेजारी उभी असलेली माणसं बाजूला सरकायची. सुट्टीत अकोल्याला गेले की आई माझी बॅग अंगणातच उघडायला लावायची. एकदा तिनं माझा कुर्ता नाकाशी धरला आणि बाबांकडं बघितलं. "आता घरात दोन झाले," एवढंच म्हणाली आणि कपडे भिजवायला घेऊन गेली.

निकालाचा दिवस उन्हाळ्यात आला. फुप्फुसं धुऊन काढलेलं पाणी, त्यातल्या पेशी काचपट्टीवर रंगवलेल्या. नुसता धूर मिळालेल्या गटाच्या पट्ट्यांवर जत्रा भरल्यासारख्या पेशी दिसत होत्या. अर्क मिळालेल्यांच्या पट्ट्या विरळ होत्या. पुरत्या स्वच्छ नव्हत्या, पण कुणालाही दिसेल इतका फरक होता. आमच्या मॅडमनी, म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली काम करत होते त्यांनी, सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. हे त्या कधी करत नसत.

फक्त एक उंदीर वेगळा होता. अर्काच्याच गटातला. त्याचं फुप्फुस उघडलं तर सुजलेलं, डागाळलेलं, नुसत्या धुराच्या गटाहूनही वाईट. मी मॅडमना दाखवलं. "एका जनावरावरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "नोंद कर. सगळ्यांची सरासरी बोलते." ते बरोबरच होतं. मी नोंद केली. आणि प्रयोगशाळेच्या बाहेर येऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, फरक दिसतोय."

"म्हंजे जमलं!"

"उंदरांमध्ये, बाबा. थोडेच आठवडे. आणि आम्ही अर्क धुराच्या आधी दिला होता, वर्षानुवर्षं ओढल्यावर नाही."

"उंदीर काय अन् मानूस काय, फुप्फुस थे फुप्फुसच."

त्या एका उंदराचं मी त्यांना सांगितलं नाही. आनंदाच्या फोनमध्ये ते कसं सांगायचं, असं वाटलं.

पुढच्या वेळी अकोल्याला गेले तर ओट्यावर पातेल्यात पानं उकळत होती. बाबांनी काकांना सांगून हिवरखेडहून पोतंभर पाला मागवला होता. रोज सकाळी काढा प्यायचा, मग सिगारेट. संध्याकाळी पुन्हा काढा, पुन्हा सिगारेट. "तुह्या पद्धतीनंच करून राहिलो," मला म्हणाले. "आंधी अर्क, मंग धूर." मी चिडले. म्हटलं, बाबा, हे औषध नाही, परवानगी तर नाहीच नाही. ते ऐकून घेत होते, चेहऱ्यावर अभिमान होता. मी काय म्हणते ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी जे केलं होतं तेवढंच पोचत होतं. चौकातल्या चहाच्या टपरीवर ते दोस्तांना सांगायचे, "माह्या पोरीनं शोधलं." ते लोक "जय भीम साहेब" म्हणत आणि पानं मागून नेत.

आणि त्यांचा खोकला थांबला.

आमच्या घरात पहाट बाबांच्या खोकल्यानं व्हायची. शेजारीही घड्याळ लावत नसत. तो खोकला दोन-तीन आठवड्यांत कमी झाला आणि मग गेलाच. अडुळसा कफ सोडवतो, श्वासनळी मोकळी करतो, हे तर कुठल्याही पुस्तकात आहे. त्याचा फुप्फुसाच्या आतल्या जखमेशी संबंध असेलच असं नाही. मला हे माहीत होतं. तरी त्या घरात झालेल्या शांततेत मी झोपले आणि मला छान वाटलं. आई म्हणाली, "एवढ्या वर्षांत पयल्यांदा सकाळी पाखरं आयकू आली." मी तिला काही बोलले नाही.

उलट मी त्याहून वाईट केलं. बाबांनी विचारलं, "पानं उकळून तसाच होते काय तुहा अर्क?" मी म्हटलं, नाही, तो जास्त तीव्र असतो. "मंग थोच आन ना. बापासाठी एवढं नाई होत?" कॉलेजात उरलेला अर्क होता. मी त्यातला थोडा पुन्हा आटवला, अल्कोहोल पूर्ण उडालंय याची खात्री केली, एका छोट्या तपकिरी बाटलीत भरला आणि वरचं लेबल नखानं खरवडून काढलं. मॅडमना विचारलं नाही. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत बसमध्ये ती बाटली माझ्या मांडीवर पर्समध्ये होती. दर खड्ड्याला मी ती चाचपत होते.

बाबा त्या बाटलीला "माह्या पोरीची दवाई" म्हणायचे. ती त्यांनी देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोखाली ठेवली.

पावसाळा संपत आला तेव्हा फोनवर त्यांचा आवाज बदलला. घोगरा, फाटका. "आवाज बसला का, बाबा?" "पंख्याखाली निजलो." पुढच्या आठवड्यात तसाच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मी दिवाळीच्या सुट्टीला घरी गेले. त्यांनी चहाचा कप उचलला आणि मला त्यांची बोटं दिसली. टोकाशी फुगलेली, नखं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली. हे चित्र मी पदवीच्या पुस्तकात बघितलं होतं, त्याखाली फुप्फुसातल्या गाठीबद्दल काय लिहिलं होतं तेही आठवलं. शर्टची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती.

"बाबा, उद्या एक्स-रे काढू."

"कायले? खोकला नाई, ताप नाई. पयले खोकत होतो तवा कोनी एक्स-रे काढला नाई, आता बरा झालो तं काढू काय?"

मी रडले, ओरडले, ऐकलं नाही त्यांनी. माझ्या म्हणण्याला माझंच संशोधन आडवं येत होतं. ते बोट वर करून म्हणायचे, "तूच तं सांगतलं फरक दिसते म्हनून." मी अमरावतीला परत आले. पुढचा सबंध महिना मी त्यांना फोनवर समजावत राहिले आणि ते मला.

शेवटी केलं ते आईनं. ती चौथीपर्यंत शिकलेली. मला तिचा फोन आला, आवाज अगदी सपाट. "मी सगळा पाला उकिरड्यावर टाकला. तुही बाटलीही टाकली. खोकला याचा असन तं येऊ दे. मले त्याचा आवाज आयकाचा हाये." बाबा तिच्यावर चिडले, जेवले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी खोकला आला. इतक्या दिवसांचा साठलेला असल्यासारखा. आईनं बेसिनजवळ जाऊन बघितलं आणि मग ती चप्पल घालून बाहेर आली. "रिक्षा बोलावली. चला," म्हणाली. बाबा उठले. तेही बेसिनमध्ये बघून आले होते.

एक्स-रेवर उजव्या... नाही, डाव्या बाजूला. मी अजून घोटाळते, कारण फिल्म समोर धरली की बाजू उलट दिसते. डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी पांढरा गोळा होता. नागपूरला नेलं, तुकडा तपासला, नाव कळलं. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलायचे. मी त्यांना बाहेर गाठलं आणि अर्काचं सगळं सांगितलं, बाटलीसकट. ते म्हणाले, "ही गाठ पानांनी झालेली नाही. ती कदाचित त्याआधीपासूनच होती." थोडं थांबून म्हणाले, "पण खोकला असता तर तुम्ही लवकर आला असता." मग ते पुढच्या पेशंटकडं गेले.

अकोल्याला परत आल्यावर एका दुपारी बाबा ओसरीत बसले होते. सिगारेट त्यांनी एक्स-रेच्या दिवशीच सोडली होती, कुणी न सांगता. चाळीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका सकाळी जमलं आणि आता त्याचा उपयोग नव्हता. त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं.

"मले सिद्दं सांगजो. तुह्या दवाईनं झालं काय हे?"

"नाही, बाबा."

"तुह्या दवाईनं थांबलं काय?"

"नाही."

"मंग तसं लिही."

"ते प्रबंधात बसत नाही, बाबा. तो उंदरांवरचा आहे."

"मोजनी झाली का नकाशावर लिहा लागते," ते म्हणाले. "पसंत असो नसो." मग त्यांना धाप लागली. मी पाणी आणायला उठले.

काका दर पंधरा दिवसांनी हिवरखेडहून येत. आता पाला आणत नसत, शेंगा आणत. बाबांच्या पायाशी बसत, दोघं जुन्या मोजण्यांबद्दल बोलत, कोणाचा धुरा कुठून कुठं सरकला ते. बाबांचा आवाज शेवटी शेवटी इतका बारीक झाला की काका कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकायचे आणि मोठ्यानं आम्हाला सांगायचे. पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बाबा गेले. आईचा हात त्यांच्या छातीवर होता. तिनं तो बराच वेळ उचलला नाही.

मी प्रबंध लिहायला बसले. मर्यादांच्या भागात मी एक परिच्छेद घातला: हा अर्क सूज कमी करतो असं या प्रयोगात दिसलं असलं तरी धूम्रपान चालू ठेवून तो घेणाऱ्या माणसाला संरक्षण मिळतं असा अर्थ यातून काढता येत नाही. खोकल्यासारखी लक्षणं दबून गंभीर आजार ओळखायला उशीर होऊ शकतो. आणि अर्काच्या गटातल्या त्या एका उंदराचं वेगळं वर्णन केलं.

मॅडमनी दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारली. "हे तुझ्या निरीक्षणात कुठं आहे?"

तेव्हा मी त्यांना बाटलीचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ज्या दिवशी नेलीस त्या दिवशी मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणाले असते."

वाक्य राहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर काहीच विचारलं नाही. त्यांनी अल्कोहोलऐवजी पाण्यातला अर्क का नाही घेतला, हे विचारलं. मी उत्तर दिलं. पदवी मिळाली. आता मी अमरावतीतच एका पदविका कॉलेजात शिकवते, आणि आई माझ्याजवळ असते.

गेल्या वर्षी काका अचानक कॉलेजच्या दारात उभे राहिले. खूप बारीक झाले होते. जमिनीच्या कामानं आलो होतो, म्हणाले. कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. आत हिरवट काढा होता. दोन घोट घेतले, खिशात हात घालून बिडीचं बंडल चाचपलं आणि बाहेर झाडाखाली जायला उठले.

"काका, हे काय?"

"सायेबानं सांगतलं होतं ना. आंधी पाला, मंग धूर. माही काय बिडी सुटत नाई बाई, म्हनून हे घेतो."

"बाबा गेले ना, काका. तुम्ही त्यांच्याजवळ बसला होता."

"सायेबानं उशिरा सुरू केलं," काका म्हणाले. "तुह्या मायनं मधातच बंद केलं. मी तं पयल्या दिवसापासून घेऊन राहिलो."

मी त्याच दिवशी रजा टाकली आणि त्यांना एक्स-रे काढायला नेलं. बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. फिल्म यायला वेळ लागत होता. काका मला तुरीचं सांगत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. मी नुसती त्यांच्या नखांकडं बघत होते. ती सरळ होती. पण बाबांची नखं कधी वळायला लागली तेही मला कुठं कळलं होतं.

फिल्म आली. गाठ नव्हती. फुप्फुसं फुगलेली होती, हवा अडकून राहिलेली, आणि डॉक्टरांनी बिडी आजच्या आज बंद करा म्हणून खडसावलं. पण काकांच्या कानावर पहिलंच वाक्य पडलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी फिल्म उन्हात धरली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाह्य बाई. पाल्यानं वाचवलं."

मी रस्त्यावर उभी राहून त्यांना सगळं सांगितलं. उंदरांचे गट, सरासरी, तो एक उंदीर, बाबांची गाठ, हरवलेले महिने. त्यांनी एकही शब्द मध्ये टाकला नाही. मोजणीचा निकाल ऐकताना ऐकलं असेल तसं ऐकलं. मग फिल्म घडी न पाडता नीट पिशवीत ठेवली. "तू शिकलेली हाये, तू खरंच सांगत असशीन," म्हणाले. "पन हे बी खरंच हाये ना?" आणि पिशवीवर हात ठेवला. मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं.

त्यांनी ती फिल्म गावात दाखवली असणार. त्यानंतर मला अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. हिवरखेडहून, आसपासच्या खेड्यांतून, एकदा तर नांदगाव खंडेश्वरहून. माणसं आधी बाबांचं नाव घेतात, मग खाकरतात, मग विचारतात, किती पानं घ्यायची, सिगारेटच्या किती वेळ आधी घ्यायची. मी वर्ग सोडून बाहेर येते आणि प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगते. आधी धूर थांबवा, म्हणते. छाती तपासून घ्या. खोकला दाबू नका. ते ऐकतात. मध्ये मध्ये "हो ना मॅडम" म्हणतात. शेवटी मी बोलायची थांबले की पलीकडून पुन्हा विचारतात, "मंग ओला पाला चालन, का वाळवाच लागन?"